तेरा वेळा दुप्पट

जुलै 2024 मध्ये लास वेगासला ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ची मुख्य स्पर्धा रंगली. 10,112 जणांनी प्रत्येकी 10,000 डॉलर भरून नाव नोंदवलं. प्रत्येकाच्या पुढ्यात 60,000 च्या चिप्स ठेवल्या गेल्या. या चिप्स बाहेर कुठे चालत नाहीत, फक्त टेबलावर चालतात आणि संपल्या की खेळाडूने खुर्ची सोडायची. सगळ्यांच्या मिळून चिप्स झाल्या 60 कोटी 67 लाख 20 हजार. विजेता ठरवायची अट एवढीच, की त्या सगळ्या एकाच माणसापुढे गोळा झाल्या पाहिजेत. त्या झाल्या जोनाथन तमायो या अमेरिकन खेळाडूपुढे, आणि त्याला मिळाले 1 कोटी डॉलर. तेव्हाच्या दराने साधारण 83 कोटी रुपये.

बातमीत हे 83 कोटी येतात आणि वाचणाऱ्याच्या डोक्यात तेच राहतात. पण हिशेब करायला घ्यावा तो चिप्सचा. 60 हजारांचे एक लाख वीस हजार, त्याचे दोन लाख चाळीस हजार, असं दुप्पट करत गेलं तर तेराव्या दुपटीला 49 कोटी 15 लाख 20 हजार होतात. चौदावी दुप्पट पुरती व्हायच्या आधीच टेबलावरच्या चिप्स संपतात. म्हणजे 10,112 जणांतून पहिला येण्यासाठी आपला ढीग तेराहून थोडा जास्त वेळा दुप्पट करायचा. ऐकायला किती सोपं!

आता या तेराची परीक्षा घेऊ. वेगासच्या या स्पर्धेतला पोकर ‘होल्डेम’ पद्धतीचा असतो. प्रत्येकाला दोन पत्ते झाकलेले मिळतात, पाच पत्ते सगळ्यांसाठी मधे उघडे पडतात आणि या सातांतून उत्तम पाच धरायचे. हातात येणारी सर्वांत भारी जोडी म्हणजे दोन एक्के. ती सरासरी 221 डावांत एकदा येते. समजा एका खेळाडूवर नशीब असं प्रसन्न झालं, की तेराही निर्णायक डावांत याच्या हातात दोन एक्के आणि समोरच्याच्या हातात दोन बादशहा. दोघांनीही सगळ्या चिप्स लावल्या. अशा डावात एक्केवाला जिंकण्याची शक्यता साधारण 82 टक्के. पण तेराच्या तेरा जिंकण्याची? तेरा वेळा 0.82 मांडून सगळ्यांचा गुणाकार करा, उत्तर येतं 7.6 टक्के. म्हणजे इतकं नशीब घेऊन आलेल्या तेरा खेळाडूंपैकी जेमतेम एक शेवटपर्यंत पोहोचेल. प्रत्येक वेळी शक्यता 60 टक्के धरली तर 766 जणांत एक. निव्वळ नाणेफेक असेल तर 8,192 जणांत एक.

म्हणून मुरलेला खेळाडू सगळं एका डावावर लावणं शक्य तेवढं टाळतो. बहुतेक डाव तो पहिल्या दोन पत्त्यांवरच टाकून देतो. समोरच्याचा अंदाज घेत लहान लहान रकमा गोळा करतो. सिनेमातला पोकर शेवटच्या पत्त्यावर फिरतो, पण धंदेवाईक पोकर बराचसा टाकून दिलेल्या डावांचाच असतो.

कॅटमध्ये काय दडलंय

दिवाळीत तीन पत्ती खेळणाऱ्याला हा खेळ ओळखीचा वाटेल, पण दोघांतला फरक आकड्यांत पाहण्यासारखा आहे. बावन्न पत्त्यांतून तीन पत्ते 22,100 तऱ्हांनी येऊ शकतात. त्यात ट्रेल, म्हणजे तिन्ही सारखे पत्ते, फक्त 52, म्हणजे 425 मध्ये एक. पाच पत्ते मात्र 25,98,960 तऱ्हांनी येतात. चार एक्के किंवा चार राण्या अशा एकाच पत्त्याच्या चौकड्या त्यात 624, म्हणजे 4,165 मध्ये एक. एकाच रंगाचे एक्का, बादशहा, राणी, गुलाम, दश्शी हा सर्वोच्च हात फक्त चार तऱ्हांचा, म्हणजे 6,49,740 मध्ये एक.

सिक्वेन्स म्हणजे लागोपाठचे पत्ते, कलर म्हणजे एकाच रंगाचे. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरला मारते आणि पोकरमध्ये कलर सिक्वेन्सला मारतो. हा उलटा नियम कुणाच्या लहरीने ठरलेला नाही. तीन पत्त्यांत साध्या सिक्वेन्स 720 आणि साधे कलर 1,096, म्हणून सिक्वेन्स दुर्मिळ. पाच पत्त्यांत सिक्वेन्स 10,200 आणि कलर 5,108, म्हणून कलर दुर्मिळ. दोन पत्ते वाढले आणि मानाचं पान फिरलं.

हे झालं हातातल्या पत्त्यांचं. अख्खा कॅट पिसल्यावर बावन्न पत्ते किती क्रमांनी लागू शकतात, ही संख्या 68 अंकी आहे. आपल्याकडच्या जुन्या गणनेत एकं, दहं, शतं करत कोटी, अब्ज, खर्व ओलांडून अठराव्या स्थानाला परार्ध येतो, 1 वर 17 शून्यं. विश्वाचं वय सुमारे 1,380 कोटी वर्षं. त्याचे सेकंद केले तर साधारण सव्वाचार परार्ध होतात, म्हणजे काळ मोजायला परार्ध पुरतो. पत्त्यांना तो पुरत नाही. परार्धाला परार्धाने गुणा, पुन्हा परार्धाने, पुन्हा परार्धाने, आणि त्याचे 80 टक्के घ्या, तेव्हा कुठे बावन्न पत्त्यांचे क्रम भरतात. आज पृथ्वीवर असलेल्या आठ अब्ज माणसांनी विश्वाच्या जन्मापासून दर सेकंदाला एक कॅट पिसला असता, तरी झालेल्या क्रमांची संख्या 28 अंकीच भरली असती. नीट पिसलेल्या कॅटचा क्रम आजवर जगात कुठेच पडला नसेल, असं बेधडक म्हणता येतं. ‘नीट’ म्हणजे किती, याचंही उत्तर आहे. दोन्ही हातांत अर्धा अर्धा कॅट धरून पत्ते एकमेकांत सोडायची जी पद्धत आहे, तिने सुमारे सात वेळा पिसावं, असं डेव्ह बेयर आणि पर्सी डायकोनिस या गणितज्ञांनी 1992 मध्ये दाखवून दिलं.

असले हिशेब आपल्या मुलखाला नवे नाहीत. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात ज्यांच्या घराण्याची हकिकत कोरलेली आहे, त्या भास्कराचार्यांनी 1150 च्या सुमाराच्या ‘लीलावती’त शंकराच्या दहा हातांत दहा आयुधं किती प्रकारे देता येतील असं विचारलंय. उत्तर 36,28,800. आणि सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्याचे पत्ते 120, दहा अवतारांचे बारा-बारा. त्यांच्या क्रमांची संख्या 199 अंकी. वेगासचा कॅट त्यापुढे लहानच.

भाजक वाढत गेला

चॅम्पियनच्या कारकिर्दीकडे सुरुवातीच्या त्या दुपटींतून पाहिलं की इतिहास वेगळाच दिसतो.

डॉयल ब्रन्सन हे पोकरमधलं पितामहाचं नाव. त्यांनी मुख्य स्पर्धा 1976 आणि 1977 अशी लागोपाठ जिंकली. पहिल्या वर्षी खेळाडू 22, दुसऱ्या वर्षी 34. दुपटीत मोजलं तर आधी साडेचार आणि नंतर पाच. स्टू उंगरने 1980 आणि 1981 मध्ये हाच पराक्रम केला तेव्हा खेळाडू 73 आणि 75, म्हणजे सहा दुपटी. 1989 मध्ये 24 वर्षांचा फिल हेलमथ 178 जणांत पहिला आला आणि त्याला 7,55,000 डॉलर मिळाले. 1997 मध्ये उंगर तिसऱ्यांदा जिंकला तेव्हा समोर 312 जणांचं मैदान होतं, दुपटी आठ.

मग 2003 साल आलं. ख्रिस मनीमेकर हा टेनेसीचा अकाउंटंट. ऑनलाइन पात्रता स्पर्धेत 86 डॉलर घालून त्याने मुख्य स्पर्धेची जागा मिळवली आणि 839 जणांत पहिला येऊन 25 लाख डॉलर नेले. 86 डॉलरचे 25 लाख म्हणजे 29,000 पटींहून जास्त! ही बातमी घराघरांत पोहोचली आणि पुढच्याच वर्षी 2,576 लोक आले, त्यानंतर 5,619, आणि 2006 मध्ये 8,773. एका मनीमेकरने हजारोंना वेगासला आणलं आणि त्या हजारोंनीच दुसरा ब्रन्सन होणं जवळपास अशक्य करून टाकलं. 1997 नंतर मुख्य स्पर्धा एकाही खेळाडूला दोनदा जिंकता आलेली नाही.

का, ते पाहू. समजा एखादा खेळाडू सरासरी खेळाडूच्या दुप्पट चांगला आहे. 10,112 जणांत त्याची शक्यता 5,056 मध्ये एक. तो पन्नास वर्षं दरसाल न चुकता वेगासला गेला, तरी आयुष्यात एकदा जिंकण्याची शक्यता सुमारे एक टक्का. याचा अर्थ असे शंभर दुप्पट चांगले खेळाडू घेतले, तर त्यांतले नव्व्याण्णव ही स्पर्धा कधीच न जिंकता म्हातारे होतील. वर्ल्ड सिरीजमधली कुठलीही स्पर्धा जिंकली की ब्रेसलेट मिळतं. हेलमथच्या नावावर 2023 पर्यंत अशी सतरा ब्रेसलेट जमली, हा विक्रम आहे, पण मुख्य स्पर्धा त्यात एकच आणि तीही 178 जणांची.

किती डाव खेळल्यावर कळतं?

आता प्रश्न उरतो नशीब की कौशल्य. वाद जुना आहे आणि दोन्ही बाजूंचे लोक आवाज चढवून भांडतात. आकडे मात्र शांतपणे उलट विचारतात, किती डावांचं बोलताय?

टेबलावर समोरासमोर बसून खेळताना तासाला साधारण तीस डाव होतात. आठवड्याला चाळीस तास आणि वर्षाला पन्नास आठवडे धरले तर 60,000 डाव. अशी तीस वर्षं काढली तरी 18 लाख. पाच पत्त्यांच्या 26 लाख तऱ्हा आयुष्यभरात एकेकदाही हाताखालून जाणार नाहीत.

चांगला धंदेवाईक खेळाडू शंभर डावांमागे सरासरी पाच ‘बिग ब्लाइंड’ कमावतो असं धरू. बिग ब्लाइंड म्हणजे पत्ते पाहण्याआधी एकाला आळीपाळीने लावावी लागणारी सक्तीची रक्कम, कमाई मोजायचं मापही तेच. पण याच शंभर डावांत खालीवर होणारी रक्कम नव्वद बिग ब्लाइंडच्या घरात असते. कमाई पाच, हेलकावा नव्वद. संख्याशास्त्राचं साधं सूत्र लावलं तर हजार डावांनंतर, म्हणजे जवळपास आठवडाभराच्या कामानंतर, हा चांगला खेळाडू तोट्यात असण्याची शक्यता 43 टक्के. दहा हजार डावांनंतर, म्हणजे दोन महिने रोज खेळून, 29 टक्के. एक लाख डावांनंतर ती 4 टक्क्यांवर येते, आणि टेबलावर बसून लाख डाव व्हायला एक वर्ष आठ महिने लागतात. ऑनलाइन खेळणारी पोरं एकाच वेळी चार टेबलं उघडून तासाला तीनशे डाव करायची, त्यांचे लाख डाव दोन महिन्यांत व्हायचे. जुन्या खेळाडूंनी पंधरा-वीस वर्षांत जे पाहिलं ते विशीतल्या मुलांनी दोन वर्षांत पाहिलं, यामागे हा हिशेब आहे.

संगणकालाही यातून सूट मिळाली नाही. 2015 मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘क्लॉडिको’ या प्रोग्रामशी चार धंदेवाईक खेळाडू 80,000 डाव खेळले. माणसं 7,32,713 चिप्सनी पुढे राहिली, तरी एवढ्या फरकावरून श्रेष्ठ कोण ते संख्याशास्त्राच्या कसोटीवर सिद्ध होत नाही, असं संशोधकांचं म्हणणं पडलं. जानेवारी 2017 मध्ये त्याच विद्यापीठाच्या ‘लिब्रॅटस’ने पिट्सबर्गच्या कॅसिनोत वीस दिवसांत 1,20,000 डाव खेळून चार जणांना 17,66,250 चिप्सनी हरवलं, आणि या वेळी निकालाबद्दल वाद राहिला नाही. एका वेळी दोघेच समोरासमोर असलेल्या या खेळात निर्णयाच्या जागा 1 वर 161 शून्यं इतक्या भरतात. तासाला तीस डावांच्या गतीने तेवढे 1,20,000 डाव खेळायला माणसाला दोन वर्षं लागली असती.

थोडक्यात, एका डावात नशीब, लाख डावांत कौशल्य. दोन्ही बाजूंचं म्हणणं खरं आहे, फक्त ते वेगवेगळ्या संख्यांबद्दल बोलत असतात.

आदिलाबाद जिल्ह्यातल्या तलमडुगुच्या शिवारात कापूस पेरणारा शेतकरी उभ्या आयुष्यात चाळीसेक खरीप पाहतो. पोकरच्या गतीने चाळीस डाव म्हणजे तासा-दीड तासाचा खेळ. एवढ्या थोड्या निकालांवरून कुणाला हुशार आणि कुणाला करंटा ठरवायचं, हे गाव बिनदिक्कत करतं. खेळाडूच्या बाबतीतही लोक तेच करतात. एक मोठं बक्षीस पाहतात आणि त्याला जादूगार म्हणतात.

बक्षीस म्हणजे कमाई नव्हे

2024 च्या त्याच स्पर्धेचा जमाखर्च मांडून पाहू. दहा हजार डॉलरमधले 700 आयोजकांकडे गेले आणि 9,300 बक्षिसांच्या रकमेत. एकूण रक्कम 9,40,41,600 डॉलर, साधारण 785 कोटी रुपये. ती 1,517 जणांत वाटली गेली, शेवटच्या बक्षीसवाल्याला 15,000 डॉलर मिळाले. उरलेले 8,595 लोक, म्हणजे शंभरातले पंच्याऐंशी, भरलेले दहा हजार घालवून घरी गेले.

खेळाडूंच्या कमाईच्या याद्या प्रसिद्ध होतात त्यात फक्त मिळालेलं बक्षीस असतं, भरलेली फी नसते. 2019 मध्ये लंडनला एक स्पर्धा झाली, प्रवेश फी 10,50,000 पौंड आणि खेळाडू 54. शेवटच्या दोघांनी आपसात वाटणी ठरवली आणि दुसरा आलेला ब्रिन केनी 2 कोटी डॉलरहून जास्त घेऊन गेला, तेव्हाच्या दराने 140 कोटी रुपयांच्या वर. पहिल्या आलेल्या एरन झँगला त्याच्याहून कमी मिळाले!

भारतीय नावंही या यादीत आहेत. 2017 मध्ये निपुण जावा आणि आदित्य सुशांत या जोडीने भारतासाठी वर्ल्ड सिरीजचं पहिलं ब्रेसलेट जिंकलं आणि त्याच उन्हाळ्यात जावाने ऑनलाइन स्पर्धेत दुसरंही मिळवलं. 2024 मध्ये बेंगळुरूच्या संतोष सुवर्णा यांनी अडीच लाख डॉलर फीची स्पर्धा जिंकून 54,15,152 डॉलर मिळवले, साधारण 45 कोटी रुपये. पण फीच दोन कोटी रुपयांच्या वर होती. अशा स्पर्धांत उतरणारे बरेच खेळाडू आपला हिस्सा विकून फी उभी करतात, आणि बक्षिसाचा तेवढा भाग हिस्सेदारांकडे जातो.

कर वेगळाच. आपल्याकडे पत्त्यांच्या खेळातल्या बक्षिसावर 30 टक्के आयकर आणि वर उपकर, आणि ते जिंकण्यासाठी केलेला खर्च त्यातून वजा होत नाही. गोव्यात मांडवीवरच्या कॅसिनो जहाजात कुणी पन्नास हजार फीच्या वीस स्पर्धा खेळला, एकोणीस हरला आणि विसावीत दहा लाख जिंकला, तर खिशात आले शून्य आणि कर तीन लाखांच्या वर.

स्टू उंगरची गोष्ट या सगळ्या आकड्यांची बेरीज आहे. न्यूयॉर्कचा हा मुलगा आधी जिन रमीत इतका तरबेज झाला, की त्याच्याशी पैसे लावून खेळायला कुणी धजेना, म्हणून तो पोकरकडे वळला. आयुष्यभरात त्याने अंदाजे 3 कोटी डॉलर जिंकले असं मानलं जातं. 1997 च्या स्पर्धेची फी भरायला त्याच्याकडे पैसे नव्हते. बिली बॅक्स्टर या मित्राने दहा हजार भरले, उंगर जिंकला आणि 10 लाखांचे दोघांत निम्मे निम्मे झाले. पुढच्या वर्षी 22 नोव्हेंबर 1998 रोजी वेगासच्या एका स्वस्त मोटेलच्या खोलीत तो मृतावस्थेत सापडला. वय 45, अंगावर सुमारे 800 डॉलर. नशेने आणि पत्त्यांबाहेरच्या जुगाराने सगळं नेलं होतं. पत्त्यांच्या टेबलावर लाख डावांत सिद्ध झालेलं कौशल्य घोड्यांच्या शर्यतीवर लावलेल्या पैशाला वाचवत नाही.

नदीच्या अल्याड-पल्याड

नशीब की कौशल्य हा वाद कायद्यातही आहे. तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून पैनगंगा वाहते. पलीकडे महाराष्ट्रातलं यवतमाळ. 2017 मध्ये तेलंगणाने कायद्यात दुरुस्ती करून पैसे लावून खेळायची ऑनलाइन रमी आणि पोकर बंद केले. महाराष्ट्रात ते सुरूच राहिले. जवळपास आठ वर्षं एकच खेळ, तेच बावन्न पत्ते, अल्याड गुन्हा आणि पल्याड कौशल्य. गंमत अशी, की रमी हा कौशल्याचा खेळ असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्ये म्हटलं ते सिकंदराबादच्या एका क्लबवर पडलेल्या धाडीच्या खटल्यात. पडलेले पत्ते लक्षात ठेवावे लागतात, काय धरायचं आणि काय टाकायचं याला डोकं लागतं, तीन पत्तीसारखं हे निव्वळ नशीब नव्हे, असा न्यायालयाचा रोख होता. पोकरवर उच्च न्यायालयांचं एकमत कधीच झालं नाही. 2013 मध्ये कर्नाटकात तो कौशल्याचा मानला गेला, 2017 मध्ये गुजरातेत जुगार ठरला. न्यायालयापुढे प्रश्न खेळ कसला हा होता. डाव किती, हा नव्हता.

22 ऑगस्ट 2025 रोजी केंद्राच्या ऑनलाइन गेमिंग कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली, पैसे लावून ऑनलाइन खेळणं देशभर बंद झालं आणि पैनगंगेचे दोन्ही काठ एका कायद्याखाली आले. दरवर्षी 45 कोटी लोक असल्या खेळांत मिळून सुमारे 20,000 कोटी रुपये घालवतात, असा सरकारचा अंदाज तेव्हा पुढे आला. भागाकार केला तर माणशी वर्षाला 444 रुपये. दिवाळीच्या फटाक्यांएवढे! पण ही सरासरी वेगासच्या बक्षिसांच्या यादीसारखीच फसवी आहे. तिथे एकाचे 83 कोटी दिसतात आणि 8,595 जणांचे दहा-दहा हजार दिसत नाहीत. इथे 444 रुपये दिसतात आणि ज्याने एका हंगामाच्या कापसाचे पैसे फोनवर घालवले तो दिसत नाही.

पोकरमध्ये कौशल्य आहे, हे आकडे निर्विवाद सांगतात. मात्र ते दिसायला लाख डाव लागतात, आणि तेवढे डाव तग धरायला लागणारा पैसा बहुतेकांच्या खिशात नसतो. ज्याच्याकडे हजार डावांपुरतंच भांडवल आहे, त्याच्यासाठी हा खेळ व्यवहारात नशिबाचाच आहे, मग कायदा काहीही म्हणो. पुढच्या वेळी कुणी चॅम्पियनच्या कोट्यवधींची गोष्ट सांगू लागला तर त्याला विचारावं, किती जण बसले होते, तो एकूण किती डाव खेळला, आणि हरला तेव्हा पैसे कुणाचे होते. ही तीन उत्तरं न देता सांगितलेला कोणताही मोठा आकडा अर्धवट आहे.